मुंगी मेली

शाळेतून फोन आला तेव्हा केतकी साळोखे जीव तोडून रडत होती. घाबरू नका, ते तिचं कामच होतं. कोल्हापुरातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या काचेच्या खोलीत ती सकाळपासून माइकसमोर उभी होती. गुडघा फुटलेलं पोर कसं रडतं ते रडून झालं होतं, दारात बोट चेमटलेलं रडून झालं होतं, आणि आता दाढदुखीनं हैराण झालेल्या म्हाताऱ्याचं विव्हळणं चाललं होतं. पोटासाठी माणूस काय काय करतो!

"जुईच्या आई, जरा लगेच येता का?" पलीकडून पाटणकर बाई बोलत होत्या, जुईच्या वर्गाच्या. "जुईला काही झालेलं नाही. ती अगदी व्यवस्थित आहे. त्याबद्दलच बोलायचंय."

केतकीनं हेडफोन काढून ठेवला आणि ती निघाली.

ती पोचली तेव्हा घसरगुंडीच्या शिडीला दोरी बांधून ठेवली होती. शौर्य नावाच्या मुलाला दवाखान्यात नेलं होतं. तो शिडीवरून खाली पडला होता आणि त्याचं कोपर मोडलं होतं. सहा वर्षांची जुई वर्गाच्या पायरीवर बसून चिक्की खात होती. आईला बघून तिनं हात हलवला.

"हिनं ढकललं?" केतकीनं विचारलं.

"ढकललं. पण त्याचं मला एवढं काही नाही. पोरं ढकलतातच. पण ढकलून झाल्यावर पोर काय करतं? पळून जातं, नाहीतर रडतं, नाहीतर 'मी नाही, मी नाही' करतं." बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "ही शांतपणे खाली उतरली, त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा मोडलेला हात धरून हलवायला लागली. तो किंचाळतोय आणि ही हलवतेय! तोंडानं म्हणतेय काय, तर 'मुंगी मेली, मुंगी मेली.' मी ओढून काढली तिला."

मग बाईंनी आवाज खाली आणला. "आणि बाकीची मुलं भोवती उभी राहून वाट बघत होती. कसली वाट, ते मला अजून कळत नाही."

केतकीला मात्र कळलं.

रिक्षात बसल्यावर तिनं जुईला जवळ घेतलं. "शौर्यला किती लागलं, बघितलंस ना?"

"त्याचं हसू अडकलं होतं," जुई म्हणाली. "पडल्यावर हसतात ना? ते येतच नव्हतं. मग मी हलवलं. टॅब अडकला की बाबा हलवतात तसं."

"अगं, रडत होता तो. दुखत होतं त्याला."

आई थापा मारतेय की काय, अशा नजरेनं जुईनं तिच्याकडे बघितलं. "दुसऱ्याला लागलं की मुंगी मरते, आणि मग तो हसतो. तूच तर सांगतेस की रोज."

आता हे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं उमजायचं नाही.

टीव्हीवरची हाणामारी बघून पोरं हाणामारी शिकतात, हे कुणा शास्त्रज्ञानं सांगायची वाट आपल्या आयांनी कधी बघितली नाही. पोर ऐकतं त्यापेक्षा बघतं जास्त, आणि बघतं तसं करतं. पुढं शास्त्रज्ञांनीही प्रयोग करून तेच सांगितलं. मारामारी बघून उठलेली पोरं खेळण्यांना आणि एकमेकांना जास्त बडवतात, आणि सतत बघत राहिली तर त्यांना मारण्याचं काही वाटेनासं होतं. चर्चा झाल्या, मोर्चे निघाले. पालक म्हणाले बंद करा, वाहिन्या म्हणाल्या मग बघणार कोण? या भांडणात एका कंपनीनं मधला मार्ग काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'सोज्वळ'.

सोज्वळ म्हणजे साबणाच्या वडीएवढी पेटी. टीव्हीच्या मागं चिकटवून द्यायची. चित्र पडद्यावर यायच्या आधी ती दोन क्षण अडवून धरते, त्यातलं पोरांनी बघू नये असं काय आहे ते ओळखते आणि तेवढंच बदलून पुढं सोडते. जखमेतून रक्त आलं की ही पेटी तिथं गुलाल उडवते. मार खाणाऱ्याचा वेडावाकडा झालेला चेहरा पुसून हसरा काढते. किंकाळी कशी ओळखायची ते तिला केतकीसारख्यांनी माइकसमोर रडून-विव्हळून शिकवलेलं असतं; ती किंकाळी काढून टाकते आणि तिथं गोड आवाजात काहीतरी घालते. मारामारी मात्र तशीच ठेवते, कारण ती काढली की पोरं टीव्ही बंद करतात, पोरांनी टीव्ही बंद केला की जाहिरातवाले रडतात, आणि ते रडणं काढणारी पेटी अजून निघायची आहे. पेटीला टीव्हीच्या कडेवरून पुढं डोकावणारा एक बारीक कॅमेराही होता. बघणाऱ्या पोराच्या गालाखालून रक्त सरकतं तसा त्वचेचा रंग किंचित बदलतो, आपल्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून पोराच्या छातीचे ठोके मोजायचे आणि पोर घाबरलं की शांत आहे ते कंपनीला कळवायचं.

किंकाळीच्या जागी काय घालायचं, हे प्रत्येक भाषेच्या माणसांनी ठरवायचं होतं. मराठीच्या बैठकीत बराच वेळ कुणाला काही सुचेना. मग पेटीला आवाज द्यायला बोलावलेल्या केतकीला तिची आई आठवली. पोर पडलं की आपल्याकडं काय करतात? जमिनीला दोन चापट्या मारतात, हात् रे जमीन! आणि म्हणतात, "काही नाही झालं हं, मुंगी मेली बघ!" पोर मेलेली मुंगी शोधायला लागतं आणि रडायचं विसरतं. केतकीनं तिथल्या तिथं ते गोड आवाजात म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मराठी घरांत टीव्हीवर कुणी कुणाला पाडलं, बुकललं, भोसकलं, की केतकीचा आवाज यायचा, "मुंगी मेली!" आणि मार खाल्लेला हसत उठायचा. शाळेतल्या पोरांना तिचं कोण कौतुक! जुईची तर मान ताठ. माझी आईच ती, म्हणून सांगत सुटायची.

संध्याकाळी केतकीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. संग्रामचं उजळाईवाडीला गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. गडी मनानं चांगला, पण कुठल्याही गोष्टीची काळजी जेवण झाल्यावर करायची, असा त्याचा नियम होता.

"अगं, पोरं हायत ती," तो म्हणाला. "आम्ही तालमीत एकमेकांची हाडं मोडली, खरं आज एका ताटात जेवतोय."

"तुम्ही मोडली तेव्हा तुम्हाला कळत होतं, संग्राम. हिला कळत नाहीये. हिला वाटतं तो बिघडलाय."

संग्राम हसणार होता. तेवढ्यात जुई आतून आली आणि खाली रांगणाऱ्या कबीरजवळ बसली. कबीर दहा महिन्यांचा, जुईचा भाऊ, सगळ्या घराचा लाडका. जुईनं त्याचा कान धरला आणि सावकाश पिळला. कबीरनं भोकाड पसरलं. जुई वाकून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खोडसाळपणा नव्हता. दूध कधी उतू जातंय ते बघावं, तसं ती बघत होती.

"याचं पण अडकतंय," ती म्हणाली.

संग्रामच्या हातातला घास हातातच राहिला.

त्याच संध्याकाळी केतकीनं पेटी उपटली आणि टीव्ही उचलून माळ्यावर टाकला. मग पुण्याला कंपनीत डॉ. तिरोडकरांना फोन लावला. पोरांच्या ठोक्यांचा अभ्यास त्यांच्याकडे होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"केतकी, तान्हं मूल दुसऱ्या मुलाचं रडणं ऐकून रडतं, बघितलंय ना तुम्ही? ती एक घंटा असते. आपण ती घेऊनच जन्माला येतो. दुसरा कळवळला की आपल्या छातीत ती वाजते. तेव्हा तिला अर्थ नसतो. मग मूल मोठं होतं, कुणालातरी मारतं, तो कळवळतो, मुलाच्या छातीत घंटा वाजते, आणि त्याला पहिल्यांदा कळतं की हे मी केलं. असं पुन्हा पुन्हा झालं की मग मारायला उचललेला हात आपोआप अडतो. स्वतःचं दुखणं नसा सांगतात. दुसऱ्याचं दुखणं चेहरा आणि आवाज सांगतो. आपण चेहराही काढला आणि आवाजही."

"आणि मारणं ठेवलं."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"ठोके दिसत होते आम्हाला." तिरोडकरांचा आवाज पडला. "सुरुवातीला पडद्यावर कुणी पडलं की मुलांचा ठोका चुकायचा. हळूहळू चुकायचा बंद झाला. आम्ही त्याला 'मुलं शांत झाली' असं नाव दिलं. पेढे वाटले होते, आठवतंय?"

केतकीला आठवलं. तिनं दोन खाल्ले होते.

"बंद करा ना मग हे, सर! आजच्या आज!"

"लाखो घरांत आहे ते. आयांना हवंय, कारण त्यांची पोरं टीव्हीसमोर रडत नाहीत. मी वर बोलतो. पण माझं कितपत ऐकतील, देव जाणे."

"आणि माझ्या पोरीची घंटा? ती परत वाजेल?"

"वय लहान आहे. वाजायला हवी," ते म्हणाले. "पण कबीरला तिच्याजवळ एकटं सोडू नका."

स्वतःच्या पोटच्या पोरीची भीती वाटणं म्हणजे काय, ते ज्या आईवर वेळ येईल तिलाच कळेल. केतकीनं स्टुडिओ सोडला. आंघोळीला जाताना ती कबीरला पाळण्यासकट आत न्यायला लागली. सुऱ्या, कात्री, खलबत्त्याचा दस्ता, सगळं वरच्या फळीवर गेलं. आणि जुई? जुई पूर्वीसारखीच गोड होती! गळ्यात पडायची, गाणी म्हणायची, कबीरला झोपताना पापा द्यायची. केतकीला तेच सहन होत नव्हतं. पोर दुष्ट झालं असतं तर तिनं दोन धपाटे घातले असते. या पोरीत दुष्टपणा शोधून सापडत नव्हता. जिथं काहीतरी असायला हवं होतं तिथं काहीच नव्हतं, आणि ते आपण आपल्या आवाजानं पुसलं, हे ती विसरू शकत नव्हती. मुंगी मेली हे आई म्हणायची ते पडलेल्या पोराला, त्याचा गुडघा चोळत. आपण ते चोळणं सोडून दिलं आणि शब्द तेवढे उचलून मारामारी बघत बसलेल्या पोराच्या कानात ओतले. एवढी साधी गोष्ट टाळ्या घेताना कशी सुचली नाही?

मग तो रविवार आला. संग्राम मटण आणायला गेला होता. केतकी कबीरला डोळ्यासमोर खाली सतरंजीवर ठेवून कांदा चिरत होती. बेल वाजली. दारात पार्सलवाला. त्याला अंगठा देऊन वळायला असा किती वेळ लागतो? ती वळली तर सतरंजी रिकामी होती.

गॅलरीत कठड्याला लागून कपडे धुण्याचं मशीन होतं. जुई स्टुलावर उभी होती आणि तिनं कबीरला काखेत धरून मशीनवर उभं केलं होतं, तोंड बाहेरच्या बाजूला. चौथा मजला. कबीर खिदळत होता.

"उडायचं हं कबीर," जुई त्याला समजावत होती. "खाली गेलास की हसून दाखवायचं. यावेळी अडकायचं नाही."

केतकीच्या घशातून किंकाळी निघणारच होती, ती तिनं दातांखाली धरली. पोर दचकलं की हात सुटणार. तिनं एक एक पाऊल टाकत जायला सुरुवात केली, आणि तोंडातून काढला तो तोच आवाज, स्टुडिओतला, मधाळ. "अरे वा, कबीर उडणार? थांब हं जुई, मलाही बघू दे. घट्ट धर त्याला. माझी शहाणी बाय ती."

"ये, ये," जुई खुशीत म्हणाली.

केतकीनं कबीरच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला खस्सकन मागं ओढलं. त्याला छातीशी धरून ती तिथंच खाली बसली.

जुईचा खेळ मोडला होता. रागानं तिचं तोंड लाल झालं. कपडे वाळत घालायची लांब काठी तिथंच उभी होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि आईच्या कपाळावर घातली. भुवई फुटली. डोळ्यावरून रक्ताचा ओघळ आला.

केतकीच्या ओठांवर काय आलं असेल? "काही नाही झालं, बाळा." सवयच ती! आई झालेल्या बाईची जीभ दुसरं काही म्हणायला शिकलेलीच नसते. पोरापुढं रडायचं नाही, पोर घाबरतं. ते शब्द दातांपर्यंत आले होते. जुई काठी टाकून समोर उभी राहिली होती, वाट बघत.

केतकीनं ते शब्द गिळले आणि ती रडली.

यंत्राला तिनं नाना प्रकारचं रडणं शिकवलं होतं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. आवाज चिरका निघत होता, नाक वाहत होतं, मधेच श्वास अडकून उचकी येत होती. माइकसमोर असं रडली असती तर पुन्हा घ्यायला लावलं असतं. गॅलरीतल्या त्या क्षणाची भीती, शौर्यचं कोपर, पेढे, सगळं त्यात होतं.

जुई जवळ आली. तिनं दोन्ही हातांची बोटं आईच्या ओठांच्या कोपऱ्यांत घातली आणि वर ओढली. "आई, हस ना. आई, तुझं पण अडकलं."

"अडकलं नाही!" केतकीनं तिचा हात धरला आणि फुटलेल्या भुवईवर टेकवला. "दुखतंय मला, जुई. तू मारलंस. खूप दुखतंय गं मला!"

रक्त ऊन असतं आणि चिकट असतं. गुलाल तसा नसतो. जुईनं हात ओढून घेतला आणि बोटांकडे बघितलं. त्याच वेळी कबीरनं आईच्या तोंडाकडे बघून ओठ काढला आणि टाहो फोडला. त्याला कुणी मारलं नव्हतं. त्याला भूक नव्हती. आई रडत होती म्हणून तो रडत होता, कारण त्याच्या छातीतल्या घंटेला अजून कुणी हात लावला नव्हता.

जुईनं आईकडे बघितलं. मग कबीरकडे. मग पुन्हा आईकडे. तिचा श्वास भराभर व्हायला लागला. खालचा ओठ थरथरला.

"मुंगी..." ती म्हणाली आणि तिला पुढचं म्हणता येईना. "आई, मुंगी नाही ना मेली?"

"नाही गं. मुंगी नव्हतीच तिथं. मी होते."

आणि मग जुई रडली. घाबरून, अंग कापत, आईच्या गळ्याला मिठी मारून रडली. संग्राम पिशवी घेऊन दारातून आत आला, तर गॅलरीत तिघं रक्तानं माखून एकमेकांना धरून हंबरडा फोडतायत! बिचाऱ्याच्या हातून पिशवीच गळली. त्याला काय माहीत, त्याच्या बायकोच्या जिवात कितीतरी दिवसांनी जीव आला होता ते.

त्यानंतर जुई बदलली, एका दिवसात नव्हे, पण बदलली. केतकीच्या कपाळावरच्या टाक्यांवर येता-जाता फुंकर घालायची. शौर्यकडे जाऊन त्याच्या प्लॅस्टरवर तिनं सूर्य काढून दिला. रात्री दचकून उठायची, आपण कुणाला मारलं का म्हणून विचारायची. तिरोडकर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. कंपनीच्या वरच्या लोकांनी त्यांचं ऐकून घेतलं होतं आणि नव्या आवृत्तीत आवाज आणखी गोड करायचं ठरवलं होतं.

"माझा आवाज काढून टाका म्हणून मी कळवलंय, सर. मी काम सोडलंय."

"तुमची गरज राहिली नाही आता, केतकी. यंत्राला तुमचा आवाज स्वतःचा स्वतः काढता येतो."

दिवाळीच्या सुट्टीतली संध्याकाळ होती. केतकी कबीरला कडेवर घेऊन गॅलरीत उभी होती. कठड्याला आता वरपर्यंत जाळी होती. जुई जाळीला नाक लावून खाली बागेत खेळणाऱ्या पोरांकडे बघत होती. पोरांच्या कार्यक्रमांची वेळ झाली होती, सोसायटीतल्या खिडक्यांतून टीव्हीचे आवाज यायला लागले.

दुसऱ्या मजल्यावरून केतकीचा आवाज आला. "मुंगी मेली!"

जुईचं अंग ताठ झालं. तिनं आईचा कुर्ता घट्ट धरला.

"आई, तिथं कुणालातरी लागलं."

समोरच्या इमारतीतून आवाज आला. मग शेजारच्या घरातून. मग वरून. आणखी गोड झालेला, आणखी हसरा. मुंगी मेली! मुंगी मेली!

"तिथं पण," जुई रडवेली होऊन म्हणाली. "आई, तिथं पण. आई, किती जणांना लागतंय गं!"

केतकीनं तिचे कान झाकले. पण जुईची नजर खाली होती. बागेतल्या झोपाळ्यावरून एका पोराला दुसऱ्यानं ढकललं. ते डोक्यावर पडलं आणि हललं नाही. बाकीची पोरं धावत आली, त्याच्याभोवती गोल करून उभी राहिली, आणि सगळी मिळून टाळ्या वाजवत म्हणायला लागली, "मुंगी मेली! मुंगी मेली!" मग ती गप्प झाली आणि त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. त्यातल्या एकानं पायानं त्याला हलवून बघितलं.

जुईनं आईचे हात झटकले. "हलवू नका त्याला!" ती जाळीतून ओरडली. खाली कुणी वर बघितलं नाही.

मग ती दाराकडे धावली. केतकी कबीरला घेऊन मागोमाग निघाली. जिन्यात प्रत्येक मजल्यावर दारं बंद होती आणि दारांआडून तिचाच आवाज येत होता. त्या आवाजातून चार मजले उतरत जुई एकटी ओरडत चालली होती, "त्याला लागलंय! कुणीतरी या ना! त्याला खरं लागलंय!"